निळ्या कागदावरची छाया

कॅमेऱ्यातून निघालेल्या कोणत्याही चित्राला आपण सर्रास छायाचित्र म्हणतो. पण हे नाव खऱ्या अर्थाने शोभते ते सायनोटाइपला, असे मला नेहमी वाटते. येथे ना कॅमेरा, ना भिंग. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावावे, अंधारात वाळवावे, वर एखादे पान ठेवून काचेने दाबावे आणि उन्हात धरावे. मग नुसत्या पाण्याने धुतले, की झाले! ऊन पोचले तेथे गडद निळा रंग. पानाची छाया पडली तेथे कागद कोरा.

ही कृती जॉन हर्शेल यांनी १८४२ साली जगापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्रज विदुषीने समुद्रशैवालांचे असे ठसे घेऊन ते ग्रंथरूपाने काढण्यास आरंभ केला. तिची आई ती तान्ही असतानाच गेली. शास्त्राची गोडी लावली ती वडिलांनी. १८५२ साली तेही वारले. त्या उन्हाळ्यात ॲन डिक्सन ही जिवाभावाची मैत्रीण तिच्याकडे येऊन राहिली, आणि पुढे दोघींनी मिळून नेच्यांच्या निळ्या चित्रांचा संग्रह सिद्ध केला. शोकाला हातांचे काम मिळाले.

या निळाईचा एक स्वभाव मोठा विलक्षण आहे. ज्या उजेडाने ती जन्मते, त्याच उजेडात फार काळ राहिली तर ती फिकी पडते. मात्र चित्र काही दिवस अंधारात ठेवले, की हवेतील प्राणवायू घेऊन तिचा रंग बराचसा परततो.

माझी आई गेली तेव्हा ‘बोला, मन मोकळे करा’ असे हितचिंतक सांगत. सल्ला खोटा नव्हता. पण भेटीला येणाऱ्या प्रत्येकापुढे तीच हकीकत मांडता मांडता ती मलाच परकी वाटू लागली. पुढे कित्येक महिने मी तिच्याविषयी फारसे बोललो नाही. आणि एके संध्याकाळी मेथी निवडणारी तिची बोटे अवचित स्पष्ट दिसली.

तथापि अंधार म्हणजे कोंडणे नव्हे; निळाईला तेथेही हवा लागतेच. आणि परततो तो भोवतीचा रंग. पानाची जागा कोरीच राहते. पण त्या कोरेपणामुळेच तर पान ओळखू येते.