पडद्यावरची सीमा

हिंदीतला पहिला मोठा युद्धपट एका पराभवावर आहे. १९६२ मध्ये चीनशी झालेल्या युद्धाची जखम ताजी असताना, दोनच वर्षांनी, चेतन आनंद यांनी ‘हकीकत’ काढला. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांनी सरकारकडून पैसा उभा करून दिला, आणि लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरांत चित्रीकरण झाले. चित्रपटात जवान लढतात त्याहून जास्त चालतात. थंडीने काकडलेले, दारूगोळा संपत आलेले, मागे फिरण्याचा हुकूम मिळालेले हे जवान घरच्या आठवणी काढतात. मदन मोहन यांच्या संगीतातले चार आवाजांचे ते प्रसिद्ध गाणे याच जागी येते. शेवटी बर्फात पडलेले देह दिसतात आणि त्यावर कैफी आझमींचे शब्द रफीच्या आवाजात ऐकू येतात. हरलेल्या देशाला या चित्रपटाने रडायला जागा दिली, आणि ते फार मोठे काम होते.

महाराष्ट्रात साठ-सत्तरच्या दशकांत लहान असलेल्या पिढीने असे चित्रपट बहुधा थिएटरात पाहिलेच नाहीत. गणेशोत्सवात रस्त्याच्या मधोमध दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला असे आणि एका टोकाला प्रोजेक्टर घरघरत असे. पुढची बाजू भरली की उरलेली पोरे पडद्याच्या मागे जाऊन बसत. तिथून चित्र उलटे दिसे आणि सगळे जवान डाव्या हाताने सलाम ठोकत, पण त्याने काही बिघडत नसे. रीळ बदलताना दिवे लागत, आणि तेवढ्यात कोण मेला, कोण उरला याचा हिशेब होई. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हा हिशेब वेगळाच असणार. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरातून माणसे फौजेत गेली, आणि कामी आलेल्यांचे स्मारक गावातच उभे आहे. अशा ठिकाणी पडद्यावरचे पत्र आणि पोस्टमनने आणलेले पत्र यांत फारसे अंतर राहत नाही. युद्धपटाचा परिणाम कुठे होतो याचे उत्तर बंदुकीपेक्षा त्या पत्रातच जास्त सापडते.

पुढे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला असे चित्रपट दाखवायचा दूरदर्शनचा परिपाठ पडला आणि ते घराघरात आले. त्याच काळात गोविंद निहलानींचा ‘विजेता’ (१९८२) आला. त्याचे लेखन आपल्या दिलीप चित्र्यांचे. हवाई दलात जाऊन स्वतःला शोधू पाहणाऱ्या एका मुलाची ही कथा. तिच्यात शत्रूपेक्षा आईबापांतला ताण मोठा आहे. नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ (१९९१) तर सैनिकाला सीमेवरून थेट शहराच्या गल्लीत आणतो. अपहरण झालेल्या मुलांना सोडवताना पाय गमावलेला तरुण कमांडो घरी परततो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांच्या हातून मारला जातो. त्याचा मेजर विचारतो की देश वाचवायचा म्हणजे नेमके कोणाला वाचवायचे. मराठी माणसाने काढलेल्या युद्धपटांत इतका अस्वस्थ करणारा दुसरा नाही. त्याची आठवण आज फार कमी काढली जाते, हे खटकते.

मग १९९७ चा ‘बॉर्डर’ आला. रस्त्यावरच्या पडद्याची ती पोरे तोवर बाप झाली होती आणि मुलांना घेऊन थिएटरात गेली. जे. पी. दत्ता यांचे भाऊ हवाई दलात स्क्वाड्रन लीडर होते. १९८७ मध्ये मिग विमानाच्या अपघातात ते गेले, आणि चित्रपटात त्यांना वाहिलेली आदरांजली जाणवत राहते. विषय होता लोंगेवालाची लढाई. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री जैसलमेरजवळच्या त्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान होते. समोरून दोन हजारांच्या आसपास पाकिस्तानी सैनिक आणि चाळीसहून अधिक रणगाडे आले. चौकी सोडायची की लढायचे, हा निर्णय चांदपुरींवर सोपवला गेला आणि त्यांनी लढायचे ठरवले. चौकीभोवतीची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग पेरले असावेत असे समजून शत्रू थबकला आणि त्याचा मोलाचा वेळ गेला. रणगाड्यांवर बांधलेली जादा इंधनाची पिंपे पेटली आणि त्या उजेडात बाकीचे रणगाडे टिपता आले. हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. उजाडताच ती आली आणि मऊ वाळूत रुतलेल्या, आडोसा नसलेल्या रणगाड्यांचा त्यांनी फडशा पाडला. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले.

कहाणीतली वाट पाहण्याची ही रात्र पडद्यावर अतिशय ताकदीने उतरली आहे. मूठभर माणसे, समोर अफाट सैन्य, उजाडेपर्यंत टिकायचे. मराठी प्रेक्षकाला हा आकार परका नाही. १६६० साली बाजीप्रभूंनी खिंड अडवली ती शिवाजी महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतच. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने आणि सिंहगडावर तुळशीदासाने रचलेल्या पोवाड्यांपासून शौर्य ऐकायची सवय या भूमीला आहे. डफाच्या थापेवर शाहीर जिथे आवाज चढवतो, तिथे चित्रपटात पार्श्वसंगीत चढते.

मात्र पोवाड्यासारखीच या चित्रपटाने हकिकत वाढवलीही. प्रत्यक्ष लढाईत भारताचे दोन जवान कामी आले, पडद्यावर कितीतरी जास्त पडतात. सुनील शेट्टी यांनी रंगवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग रणगाड्याखाली जातात. खरे भैरोसिंग राठोड त्या लढाईतून जिवंत परतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. हुतात्म्याशिवाय शौर्य पटत नाही असा पटकथेचा समज असावा. जिवंत परतलेल्या माणसावर तो अन्याय आहे, कारण रात्रभर झुंजून सकाळी उभा असणारा माणूस कमी पराक्रमी ठरत नाही. घराकडून येणाऱ्या पत्रांवरचे जावेद अख्तर यांचे गाणे मात्र कसोटीला पुरेपूर उतरते. त्यात शत्रूचे नावही नाही. बदलून दुसऱ्या ठाण्यावर जाणारे जवान आजही ते म्हणतात.

‘बॉर्डर’ लागल्याच दिवशी, १३ जूनला, दिल्लीच्या उपहार थिएटरात याच चित्रपटाच्या खेळाला आग लागून ५९ जणांचा जीव गेला. या चित्रपटाच्या इतिहासातून ते मृत्यू वगळता येत नाहीत.

१९९९ मध्ये कारगिलचे युद्ध टीव्हीवर दिसले आणि युद्धपटाचे गणित बदलले. खऱ्या तोफा आणि खऱ्या शवपेट्या लोकांनी घरात बसून पाहिल्या. दत्तांचा ‘एलओसी कारगिल’ (२००३) चार तासांहून लांब होता आणि सगळ्यांची नावे घेण्याच्या प्रामाणिक हट्टात थकून गेला. फरहान अख्तरच्या ‘लक्ष्य’ने (२००४) एका भरकटलेल्या तरुणावर लक्ष ठेवले. तो तेव्हा जेमतेम चालला, पण नंतर सैन्यात जायची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांनी तो डोक्यावर घेतला.

जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या आदित्य धर यांच्या ‘उरी’मध्ये वाट पाहणे संपले आणि चाल करून जाणे आले. सप्टेंबर २०१६ मधला उरीच्या तळावरचा हल्ला आणि त्यानंतरची कारवाई हा त्याचा विषय. चित्रीकरण बहुतांशी सर्बियात झाले, तरी काश्मीर खोटे वाटत नाही. त्यातल्या ‘जोश’च्या घोषणेने सिनेमाची हद्द ओलांडली. पंतप्रधानांनी मुंबईत भारतीय चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनात तीच दिली. पण थिएटरात श्वास अडकतो तो दुसऱ्या जागी. बापाच्या शवपेटीसमोर उभी असलेली लहान मुलगी रडत रडत पलटणीची युद्धघोषणा देते. २०१५ मध्ये कर्नल मुनींद्रनाथ राय यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या मुलीने हेच केले होते, आणि देशाने ते बातम्यांत पाहिले होते. या आठवणीमुळे तो प्रसंग रचलेला वाटत नाही. ‘उरी’च्याच वर्षी आलेल्या ‘फत्तेशिकस्त’ या मराठी चित्रपटाने लाल महालातल्या शायिस्ताखानावरच्या छाप्याची जाहिरात पहिला सर्जिकल स्ट्राइक म्हणून केली. जुन्या इतिहासाला नव्या शब्दाची गरज भासली, एवढा ‘उरी’चा ठसा पडला होता.

सैन्याचे रणगाडे, विमाने आणि छावण्या पडद्यावर आणायच्या तर संरक्षण खात्याची मदत लागते, आणि त्यासाठी पटकथा आधी दाखवावी लागते. २०२० मध्ये या खात्याने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून सैन्यावरच्या चित्रपटांना ना हरकत प्रमाणपत्र असावे असे सुचवले. जवानांच्या गणवेशाचा मान राहावा ही इच्छा रास्त आहे. पण त्यामुळे चुकलेला हुकूम, अपुरी सामग्री, वरिष्ठांचा गोंधळ यांवर बोलणारे चित्रपट विरळ होतात. ‘हकीकत’ ज्या सच्चेपणाने पराभवासमोर उभा राहिला, तो आता सहजी जमणार नाही.

अमृत सागर यांचा ‘१९७१’ (२००७) तशा वाटेने गेला. पाकिस्तानात अडकलेल्या भारतीय युद्धकैद्यांची ही कथा. त्यात मनोज बाजपेयी आणि साथीदार तुरुंगातून निसटून सीमेकडे धावतात. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, पण थिएटरे रिकामी राहिली. पुढे टाळेबंदीच्या काळात तो यूट्यूबवर अफाट पाहिला गेला. रस्त्यावरच्या पडद्यामागे बसलेली ती पिढी तोवर आजी-आजोबा झाली होती, आणि अनेकांनी तो नातवंडांच्या फोनवर पाहिला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर परत न आलेल्या ५४ सैनिकांची यादी सरकारदरबारी आहे. त्यांच्या कुटुंबीयांनी अर्ज केले, पाकिस्तानातले तुरुंगही पाहून आले, पण त्यांच्या प्रश्नाला ठाम उत्तर मिळालेले नाही.