नऊचा फरक

तुळजापुरात नवरात्र संपले, कोजागरीला पायी येणाऱ्या भाविकांची गर्दी ओसरली, की बाजारपेठेला स्वतःकडे पाहण्याची सवड मिळते. तिथून वहीपूजनापर्यंतचे दिवस हिशेबाचे. 2025 साली हे दिवस जड होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील उभी पिके पाण्यात गेली होती आणि गावच्या एका जुन्या पेढीवर उधारीची खाती नेहमीपेक्षा लांबली होती.

त्या पेढीचा एक रिवाज होता. दिवाळीपूर्वी प्रत्येक खातेदाराला त्याचा उतारा कागदावर द्यायचा. मुलाचे म्हणणे, मोबाइलवर पाठवू. वडिलांचे म्हणणे वेगळे होते : "मोबाइलवर गेलेला आकडा तगादा वाटतो. कागद हातात दिला, की समोर बसून बोलता येते." यंदा काही खात्यांना पुढील सुगीपर्यंत मुदत द्यायची होती आणि तसा शेरा ते प्रत्येक उताऱ्यावर आपल्या हाताने लिहून खाली सही करणार होते. अक्षर आता थरथरत होते, म्हणून आकडे छापलेले असणे आवश्यक होते.

नेमका त्याच आठवड्यात प्रिंटर मुका झाला. कारण उघड होते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित देखभाल थांबली. पेढीवरच्या जुन्या संगणकावर नवी आवृत्ती चालण्यासारखी नव्हती, म्हणून मुलाने त्यावर लिनक्स बसवून घेतले. हिशेब उघडले, अक्षरे नीट दिसली. पण छापण्याची आज्ञा दिली की पुढे काहीच घडेना. दोन दिवस सर्वांनी तेच बटण पुन्हापुन्हा दाबून पाहिले. अखेर मुलगा म्हणाला, "अण्णा, जुना झालाय तो. सोलापूरहून नवा आणू." अण्णा काही बोलले नाहीत. 'जुना झालाय' हे शब्द मात्र त्यांनी ऐकले.

सुट्टीसाठी घरी आलेल्या नातीने एक दिवस मागून घेतला. तिने काहीही उघडले नाही, ठोकले नाही. वहीच्या कोऱ्या पानावर चार प्रश्न लिहिले. यंत्राला वीज मिळते का? संगणकाला ते यंत्र दिसते का? रांग चालू आहे का? आणि संगणकाची भाषा यंत्राला कळते का?

पहिले उत्तर समोरच होते, दिवा लागत होता. दुसऱ्यासाठी तिने यूएसबीला जोडलेल्या उपकरणांची यादी मागितली. तीत प्रिंटरचे नाव होते. म्हणजे केबल शाबूत होती. तिसऱ्या प्रश्नापाशी ती थांबली. लिनक्समध्ये छपाईचा कारभार 'कप्स' नावाची व्यवस्था पाहते. आलेले प्रत्येक काम ती रांगेत लावते आणि अडचण आली की ती रांग थांबवू शकते. इथे रांग थांबलेली होती आणि तीत दोन दिवसांची सतरा कामे अडकून पडली होती. नातीने ती सर्व रद्द केली, रांग सुरू केली, चाचणीचे एक पान पाठवले. क्षणभराने रांग पुन्हा थांबली.

"आता?" मुलाने विचारले.

"आता संगणकालाच विचारू, काका. त्याची नोंदवही असते. कोणते काम केव्हा आले, कुठे अडले, सगळे क्रमाने लिहिलेले असते."

आजोबा खुर्ची ओढून जवळ आले. "म्हणजे यालाही रोजमेळ आहे!"

त्यांच्या तरुणपणी रात्री मेळ जुळला नाही, तर कोणी वही फाडत नसे. आधी फरक किती ते पाहायचे. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. 54 च्या जागी 45 लिहिले की फरक नऊचाच पडतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. आणि जिथपर्यंत बरोबर आहे, तिथपर्यंत पेन्सिलीने खूण करीत जायचे. चूक त्या खुणेच्या पुढे असते. नात नेमके तेच करीत होती.

नोंदवहीत चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. एचपीच्या लेझरजेट 1020 सारख्या काही यंत्रांच्या पोटात स्वतःची कायमची आज्ञावली नसते. यंत्र सुरू झाले की प्रत्येक वेळी ती संगणकाकडून यावी लागते. या कामासाठी लिनक्सवर 'एचपीलिप' हा संच आहे, पण अशा यंत्रांना त्यासोबत एक वेगळे प्लगइन लागते. ते खुले नसल्यामुळे आपोआप येत नाही. त्याच्या स्वतंत्र अटी मान्य करून, संचाच्या आवृत्तीशी जुळणारेच उतरवून घ्यावे लागते. जुन्या व्यवस्थेत हे काम गुपचूप होत होते, म्हणून कधी कोणाला कळले नव्हते.

प्लगइन येईपर्यंत नातीने आजोबांना एक हकिगत सांगितली. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरसाठी केली होती. नव्याचा मूळ प्रोग्राम त्यांना मिळाला नाही, त्यामुळे ती सोय करता येईना. ती सल त्यांच्या मनात राहिली. 1983 मध्ये त्यांनी सर्वांना पाहता आणि सुधारता येईल अशा प्रणालीचा, 'ग्नू'चा संकल्प जाहीर केला. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले आणि दोन्ही धारा एकत्र वाहू लागल्या.

"म्हणजे हे सारे एका प्रिंटरपायीच!" आजोबा हसले.

तिने प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू केला. आतून घरघर ऐकू आली, दिवा लुकलुकला आणि पहिले पान बाहेर सरकले. मुलाने ते उचलले, आकडे डोळ्यांखालून घातले आणि वडिलांपुढे ठेवले. "अण्णा, मी घाई केली," एवढेच तो म्हणाला.

अण्णांनी चष्मा लावला. बेरीज जुन्या सवयीने पुन्हा एकदा मनात करून पाहिली. मग पेन घेऊन थरथरत्या हाताने उताऱ्याखाली लिहिले, 'पुढील सुगीपर्यंत मुदत', आणि सही केली. दुसरे पान येत होते.