अर्शिन आपलाच, पण कॉलेजातल्या बाकीच्या पोरांचं काय?

11 फेब्रुवारी 2024, रविवार. दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला अंडर-19 वर्ल्डकपची फायनल होती आणि सलामीला आपल्या सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी. 3 धावांवर तो आऊट झाला, भारत ऑस्ट्रेलियाकडून 79 धावांनी हरला. त्याच तारखेला अमेरिकेत लास वेगासला त्यांच्या फुटबॉलची सगळ्यात मोठी मॅच झाली, सुपर बाउल. तिथं ब्रॉक पर्डी नावाचा पोरगाही हरला.

दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोघं तिथपर्यंत कसे पोचले, हे शेजारी ठेवून बघा.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ. पर्डी त्यात क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, पुढं कुणाकडं द्यायचा हे तो ठरवतो. हा आयोवा स्टेट विद्यापीठात चार सीझन खेळला. एम्स हे तिथलं गाव साधारण 66 हजार लोकवस्तीचं आणि विद्यापीठाचं मैदान 61 हजार प्रेक्षकांचं! 2022 ला व्यावसायिक संघांनी कॉलेजची पोरं निवडली, त्यात पर्डीचा नंबर 262 वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा. तरी दोन वर्षांत तो सुपर बाउल खेळला. कारण कॉलेजातच त्याच्या पाठीशी कोच, जिम, डॉक्टर आणि चार सीझनच्या मॅचेस होत्या.

तिथं सगळं गोड आहे असं नाही. कॉलेजांनी खेळाडूंच्या जिवावर अमाप पैसा कमावला आणि 2021 पर्यंत पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येत नव्हते. पण पोरगं घडवायची जागा कॉलेज हीच आहे, यात वाद नाही.

आता अर्शिन. जून 2023, गहुंजेचं मैदान, एमपीएल. ईगल नाशिक टायटन्सकडून त्यानं 54 चेंडूंत 117 ठोकले, त्यात 13 सिक्स. वर 4 विकेट. मॅच एका धावेनं जिंकली. डिसेंबरात लखनौनं 20 लाखांना घेतलं. वर्ल्डकपमध्ये अमेरिकेविरुद्ध 108 केले. 30 एप्रिल 2024 ला मुंबईविरुद्ध आयपीएल पदार्पण, पहिल्याच चेंडूवर आऊट. 2025 साठी लखनौनं 30 लाखांना पुन्हा घेतलं. एका भोपळ्यानं करिअर संपत नसतं.

पोराची मेहनत शंभर टक्के त्याची. घर डॉक्टरांचं, वडील स्वतः क्रिकेट खेळलेले, त्यामुळं पाठबळ मिळालं. पण क्रिकेटसाठी अडीचशे किलोमीटरवर पुणं गाठावंच लागलं. सोलापूरच्या कुठल्या कॉलेजनं त्याला घडवलं, असं आपण छाती ठोकून सांगू शकत नाही.

मग ज्याची आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर आहे, त्या पोरानं काय करायचं? पुण्यात राहणं, खाणं, अकॅडमीची फी, बॅट, किट. हे त्या घराला झेपत नाही. तो बारावीपर्यंत खेळतो, ग्रेस मार्क मिळतात, पुढं भरतीच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडं डोळे लावतो. बॉलिंग मात्र तिथंच थांबते.

आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. 2004 पासून जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ आहे. पार्क स्टेडियम सुधारलं, जानेवारी 2024 मध्ये तिथं महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. तेव्हा अर्शिन भारताच्या अंडर-19 संघाबरोबर आफ्रिकेत होता. म्हणजे मैदान आहे, पोरं आहेत. नाही ती मधली पायरी. विद्यापीठाची टीम स्पर्धेच्या तोंडावर निवडायची, चार दिवस खेळवायची आणि परत आल्यावर हारतुरे घालून फोटो काढायचा, याला घडवणं म्हणत नाहीत.

61 हजारांचं स्टेडियम कुणी मागत नाही. वर्षभर पगारी कोच, गरीब खेळाडूला होस्टेल आणि पोटभर जेवण, पार्कवर कॉलेजच्या पोरांसाठी ठरलेली वेळ आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांची दोन-तीन महिने चालणारी लीग. एवढं विद्यापीठ, महापालिका आणि संस्थाचालकांनी एकत्र बसून केलं, तरी पुष्कळ झालं.

अर्शिनच्या अभिनंदनाचे बॅनर लावा, हक्कच आहे आपला. पण त्या बॅनरवर फोटो छापणाऱ्या पुढाऱ्यांना एवढं नक्की विचारा: पुढचा अर्शिन यंत्रमागवाल्याच्या घरातला असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही काय ठेवलंय?

तुमच्या कॉलेजात खेळाची काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा.