फुकट म्हणजे खुले नव्हे : वस्तीतल्या मुलांनी वेबसाइट बनवायला शिकावे कुठून?

जानेवारीत आमच्या अभ्यासिकेत एक पालक आले. ऑटो चालवतात. हातात एका क्लासचे चकचकीत पत्रक होते. ‘फ्रंट एंड डेव्हलपर, सहा महिने, फी 65,000, नोकरीची हमी.’ मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाले, “जय भीम ताई. दहा हजार भरून सीट पक्की केली. बाकीचे हिच्या आईच्या बचत गटातून उचलतो. भरू ना?”

मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. ते इथे देते, कारण विहाराच्या मागच्या खोलीत तीन-चार जुने संगणक मांडून मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

फ्रंट एंड म्हणजे वेबसाइटचा आपल्या डोळ्यांपुढे, ब्राउझरमध्ये चालणारा भाग. एचटीएमएलने मजकुराची रचना होते, सीएसएसने तिला रूप येते आणि जावास्क्रिप्टने ती हलते-बोलते. यातले काहीही कोणाच्या मालकीचे नाही. 30 एप्रिल 1993 रोजी सर्न या संशोधन संस्थेने वेबचे तंत्र कोणतेही शुल्क न घेता जगासाठी मोकळे केले. म्हणजे शिकायच्या विद्येला किंमत नाही. 65,000 रुपये मागितले जातात ते वाट दाखवण्याचे.

यावर आयटीतले आपले मित्र म्हणतात, “नेटवर सगळे फुकट आहे, फक्त शिकायची इच्छा पाहिजे.” हे वाक्य मला ओळखीचे वाटते. गुणवत्तेच्या नावाने आपल्याला अनेक पिढ्या हेच ऐकवले गेले आहे. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, संगणकाची नव्हे. एचटीएमएल तिशी ओलांडल्यावर शिकले. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते पुस्तकात वाचले होते, पण त्याचा खरा अर्थ या शिकण्यात कळला. प्रत्येक फुकट कोर्स असे धरून चालतो की तुमच्याकडे लॅपटॉप आहे, न तुटणारे नेट आहे, वाचण्यापुरते इंग्रजी आहे आणि अडलात तर विचारायला घरात किंवा मित्रांत कोणीतरी आहे. आमच्या पहिल्या तुकडीत 14 मुले होती. त्यांतल्या 11 जणांकडे फक्त फोन होता, आणि तोही भावंडांत वाटलेला.

म्हणून ‘सर्वात चांगले काय’ हा प्रश्न मी सोडून दिला. शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय चालते, एवढेच तपासले.

फ्रीकोडकॅम्प 2014 पासून आहे, ना-नफा संस्था चालवते, प्रमाणपत्रही फुकट. काही इन्स्टॉल करावे लागत नाही. एकेक ओळ लिहा, तपासा, पुढे जा. आत्मविश्वास यायला फार चांगले. पण आमच्या एका मुलाने तिथले बरेच धडे पूर्ण केले आणि कोरी फाइल उघडून दिल्यावर तो नुसता बघत बसला. रिकाम्या जागा भरण्याची सवय झाली होती, पान मांडण्याची नाही. आता आमचा नियम आहे : तिथले दहा टप्पे झाले की तेच कोऱ्या फाइलमध्ये, न बघता.

डब्ल्यूथ्रीस्कूल्सला जाणकार नाके मुरडतात. मीही मुरडत होते. नाव ऐकून वाटते तसा वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीशी त्याचा संबंध नाही, आणि जाहिरातींचा मारा असतो. पण त्याची इंग्रजी वाक्ये पाच-सहा शब्दांची असतात आणि शेजारीच करून बघायची सोय असते. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात तेच समजले. बाकी सगळे डोक्यावरून गेले.

सर्वात विश्वासार्ह संदर्भ मात्र एमडीएन. पुढे कामावर असतानाही रोज तेच उघडावे लागते. ते फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, कोरियन, चिनी, रशियन, पोर्तुगीजमध्ये मिळते. मराठीत नाही, हिंदीतही नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले लोक 8 कोटींच्या वर आहेत. तेव्हा दोष फक्त परदेशातल्यांचा नाही. महाराष्ट्रातल्या हजारो इंजिनिअरांनी हे भाषांतर केले नाही, कारण त्यांच्या घरातल्या मुलांना त्याची गरज नव्हती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने लिनक्स, लिबरऑफिससारखे धडे मराठीत आणले, दहा-दहा मिनिटांचे. ते आम्ही वापरतो, पण आजच्या फ्रंट एंडची गरज त्यावर भागत नाही. नेट गेले तर डेव्हडॉक्स उपयोगी पडते : ब्राउझरमध्ये एकदा उतरवून ठेवले की एमडीएनचा संदर्भ ऑफलाइन वाचता येतो. ही एक गोष्ट मला दोन वर्षे उशिरा कळली.

ओडिन प्रोजेक्ट कामासाठी सर्वात पक्के तयार करते असे माझे मत झाले आहे, कारण तिथे सुरुवातीपासून स्वतः बांधायला लावतात. पण थेट विंडोजवर काम करू देत नाहीत, लिनक्स मागतात. आमचे दोन रविवार नुसते लिनक्स टाकण्यात गेले. (मेलेले संगणक त्यामुळे जिवंत झाले, हा वेगळा फायदा.) यूट्यूबवर हिंदीत वाट्टेल तेवढे आहे आणि मुलांचा ओढा तिकडेच. पण व्हिडिओ बघणे म्हणजे शिकणे नव्हे. दोन तास बघितले तर चार तास हात चालले पाहिजेत, आणि फोनवर बघणाऱ्याचे हात चालत नाहीत.

आता माझी चूक. पहिल्या तुकडीला मी थेट रिअ‍ॅक्टने सुरुवात केली. फेसबुकने 2013 मध्ये खुले केलेले हे साधन आज नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत असते. मनात एकच भीती होती : आपली मुले पुन्हा मागे राहतील, आपल्याला पुन्हा जुनेच शिकवले जाईल. त्या घाईत एचटीएमएल धड न येणाऱ्या मुलांसमोर मी रिअ‍ॅक्ट ठेवले. एका रिकाम्या प्रोजेक्टसाठी दोनशे एमबीच्या वर फाइली उतरल्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर! दीड जीबीचा रोजचा पॅक दुपारपर्यंत संपायचा. त्रुटीचा संदेश आला की तो जावास्क्रिप्टचा, रिअ‍ॅक्टचा की मांडणीचा, हेच कळायचे नाही. 14 पैकी 3 उरले. गळालेल्यांपैकी एक जण जाताना म्हणाला, “ताई, हे आपल्या डोक्याचं काम नाही.” ते वाक्य त्याच्या तोंडी मी घातले होते.

दुसऱ्या तुकडीला काम दिले. स्वाधार योजनेची माहिती एका पानावर आणायची. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन-निवासासाठी खात्यात रक्कम देणारी ही योजना. कागदपत्रे वेळेत जमली नाहीत म्हणून ती हुकलेली मुले आमच्याच वस्तीत होती. पान साध्या एचटीएमएल-सीएसएसमध्ये केले. एकूण वजन 13 किलोबाइट. रिअ‍ॅक्टमध्ये केले असते तर आपला एक शब्दही लिहिण्याआधी त्याच्या गाभ्याचेच शंभराहून जास्त किलोबाइट झाले असते. धुणीभांडी करणाऱ्या आईच्या फुटक्या काचेच्या फोनवर ते पान लगेच उघडले. साधन निवडणे म्हणजे कोणाच्या फोनवर आपले पान उघडणार आणि कोणाच्या नाही, हे ठरवणे.

त्याच पानावर अशा अडचणी आल्या ज्या कुठल्याही कोर्समध्ये नाहीत. दोन ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना चिकटतात, 1.6 च्या आसपास नेल्यावर वाचता येऊ लागले. अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली की, सोय असलेल्या फॉन्टमध्ये, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. चळवळीची जुनी पत्रके श्रीलिपीत टाइप केलेली. वेबवर टाकली की नुसता कचरा दिसतो, सगळे युनिकोडमध्ये आणावे लागते. हे मुलांनी स्वतः शोधले आणि वहीत मराठीत लिहून ठेवले. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे आपण दरवर्षी 31 जानेवारीला सांगतो. मग आपले सगळे लेखन आज फेसबुकच्या भिंतीवर का टांगून ठेवले आहे, याचाही विचार करू.

पुण्यातला एक मित्र म्हणतो, “साध्या एचटीएमएलवर नोकरी मिळत नाही, तू मुलांना रोमँटिक स्वप्ने विकतेस.” त्याचे अर्धे बरोबर आहे. नोकरीसाठी रिअ‍ॅक्ट किंवा तसे काहीतरी लागतेच. ते नवव्या-दहाव्या महिन्यात यावे, पहिल्यात नव्हे. आणि रिअ‍ॅक्ट आले की दार उघडले, असेही समजू नये. कोडला जात नसते असे म्हणणाऱ्या सिलिकॉन व्हॅलीतच 2020 मध्ये कॅलिफोर्निया सरकारने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला होता.

त्या पालकांना मी आठ दिवसांनी सांगितले, “भाऊ, उरलेले भरू नका. सहा महिने आमच्याकडे पाठवा, मग तिलाच विचारू.” त्यांनी क्लासकडे दहा हजार मागितले. मिळाले नाहीत; पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे छापले होते. ते दहा हजार बुडण्याआधी मी उत्तर दिले असते तर, हे अजून डोक्यात आहे.

मुलगी दर रविवारी येते. सध्या तिच्याकडे स्वाधारच्या पानावरचा कागदपत्रांचा तक्ता आहे. तिच्या आईच्या फोनवर तो उजवीकडून कापला जातो, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची ओळ नेमकी तिथेच आहे.