वर्तुळांतील नांव

मुंबईच्या कोटांत, टाउन हॉलसमोर, पूर्वीं एक उघडें मैदान होतें व तेथें कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८६० नंतरच्या दशकांत तेथें वर्तुळाकार बाग होऊन भोंवतीं कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या वर्तुळास गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचें नांव मिळालें. स्वातंत्र्यानंतर तें जाऊन बेंजामिन हॉर्निमन यांचें आलें. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे हे निर्भीड संपादक जातीचे इंग्रज. पण १९१९ सालीं इंग्रज सरकारनेंच त्यांस हद्दपार केलें. गव्हर्नराच्या जागीं हद्दपार बसावा, हा न्याय आम्हांस मोठा गोड वाटतो.

पण नांव पाटीवर चढलें म्हणजे तें लोकांच्या ध्यानांत राहतेंच असें नाहीं. बागेंत झाडाखालीं डबा सोडून बसलेल्या एका कारकुनास आम्हीं हॉर्निमन कोण म्हणून विचारलें. "असेल कोणी लाटसाहेब," असें म्हणून त्यानें आमच्यापुढें लोणच्याची फोड धरली. ती खातां खातां आम्हीं त्यास सारी हकीकत सांगितली. हद्दपारीपर्यंत येतांच त्याचा हात पोळीवर थांबला.

"मग परत आले कां?"

"आले, १९२६ सालीं."

त्यानें डब्याचें झांकण लावलें आणि जातां जातां फाटकावरील पाटी वाचली.