हरणाऱ्या पोरांचा संघ

दोस्तांनो, जिंकणाऱ्या संघाला चाहते शोधावे लागत नाहीत. गुळाला मुंगळे यावेत तसे ते आपोआप येतात. पण जो संघ काल हरला, आज हरला आणि बहुतेक उद्याही हरणार आहे, त्याचा सामना बघायला गजर लावून उठायचं म्हणजे घरातली माणसं आपल्याकडे जरा काळजीनंच बघायला लागतात!

असा एक संघ मी काही वर्षं पाहिला. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतला. त्याचं नाव ओक्लाहोमा सिटी थंडर. तिकडे रात्रीचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडत असते. माझा भाचा तेव्हा आठवीत होता. सुट्टीत आमच्याकडे आला की डोळे चोळत शेजारी येऊन बसायचा आणि पाच मिनिटांत विचारायचा, "मामा, हे तर रोज हरतात. मग आपण जिंकणारी टीम का नाही बघत?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. कारण ते उत्तर तो संघच हळूहळू तयार करत होता.

आधी थोडी माहिती सांगतो. एनबीएच्या एका मोसमात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. मग उत्तम संघांची बाद फेरी होते. दरवर्षी सगळे संघ नव्या खेळाडूंची निवड करतात, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. गंमत म्हणजे आदल्या मोसमात जे संघ जास्त हरले, त्यांना या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. दुबळ्यांना हात मिळावा, हा त्यामागचा विचार.

जुलै २०१९मध्ये थंडरनं आपला नावाजलेला खेळाडू पॉल जॉर्ज लॉस एंजलिस क्लिपर्स या संघाला दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा वीस वर्षांचा कॅनेडियन पोरगा घेतला, आणखी एक खेळाडू घेतला आणि क्लिपर्सकडून पुढच्या वर्षांतल्या ड्राफ्टचे पहिल्या फेरीतले पाच हक्कही घेतले. म्हणजे हातातला पिकलेला आंबा देऊन कोयी घेतल्या म्हणा ना! पुढच्या दीडेक वर्षात बाकीचे मोठे खेळाडूही गेले. नोव्हेंबर २०२०मध्ये मार्क डेग्नॉल्ट हे प्रशिक्षक झाले. तेही अवघे ३५ वर्षांचे. त्याआधी थंडरच्याच धाकट्या संघाला त्यांनी पाच वर्षं शिकवलं होतं. खेळाडू नवखे, प्रशिक्षकही नवा.

मग काय, पराभवांची रांगच लागली. २०२०-२१चा मोसम कोरोनामुळे ७२ सामन्यांचा होता. त्यात थंडरनं २२ सामने जिंकले आणि ५० हरले. १ मे २०२१ला इंडियाना पेसर्सनं त्यांना त्यांच्याच घरी १५२-९५ असं झोडपलं. पुढच्या मोसमात २४ विजय आणि ५८ पराभव. त्यातच २ डिसेंबर २०२१चा तो सामना. मेम्फिस १५२, थंडर ७९. फरक किती? ७३ गुणांचा! एनबीएच्या तोवरच्या इतिहासात एवढ्या मोठ्या फरकानं कुणीच हरलं नव्हतं. आधीचा विक्रम ६८ गुणांचा होता, तोही १९९१मधला. शे या दोन्ही सामन्यांत खेळत नव्हता हे खरं. पण गुणफलकाला त्याचं काय?

तरुण पोरं एवढी का हरतात? धावायला ती कमी पडत नाहीत. उलट जास्तच धावतात! पण बास्केटबॉल म्हणजे पाच जणांनी मिळून एकच विचार करायचा खेळ. आपला जोडीदार आता डावीकडे वळणार की उजवीकडे, हे तो वळायच्या आत कळावं लागतं. ते कळत नाही, मग पास जातो रिकाम्या जागी आणि तिथून समोरच्याच्या हातात. समोर तिशीतला कसलेला गडी असतो. तो हूल देतो, नवखा पोरगा हवेत उडी मारतो, फाउल होतो. आणि शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू तापलेल्या तव्यासारखा वाटायला लागतो तेव्हा, जो तो घाईनं फेकून मोकळा होतो. या गोष्टी फळ्यावर लिहून शिकवता येतात, पण अंगात मुरतात त्या चुका करूनच.

म्हणून भाच्याबरोबर मी एक खेळ सुरू केला. गुणफलकाकडे बघायचं नाही. वहीत दोनच रकाने आखायचे. एकात, चेंडू फुकट किती वेळा घालवला. दुसऱ्यात, बास्केट होण्याआधी चेंडू किमान तीन हातांतून किती वेळा फिरला. सुरुवातीला त्याला कंटाळा आला. पण आठवडाभरात तो स्वतःच ओरडायला लागला, "मामा, चार पास! चार पास!" सामना थंडर हरलेच होते. पण आमच्या वहीतला दुसरा रकाना भरत होता.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या दोन वर्षांत पुष्कळ लोक म्हणत होते, की हा संघ मुद्दाम हरतोय. हरलं की ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो ना! शंका अगदीच हवेतली नव्हती. मार्च २०२१च्या अखेरीस थंडरनं अल हॉरफर्ड या अनुभवी आणि धडधाकट खेळाडूला उरलेल्या मोसमभर बाहेरच बसवलं. पोरांना खेळायला वाव मिळावा म्हणून, असं सांगितलं गेलं. पण तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला राग येणारच. मैदानावरची पोरं मात्र जीव तोडून खेळत होती. हरण्याचा हिशेब मांडला असेल तर तो वरच्या कचेरीत. घाम गाळणाऱ्यांच्या माथी तो मारणं बरोबर नाही.

शिवाय नुसतं हरून काही मिळत नाही. फिलाडेल्फियाचा संघ २०१३पासून तीन वर्षं असाच हरत राहिला. २०१५-१६मध्ये तर त्यांनी ८२पैकी फक्त १० सामने जिंकले. त्यांना ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळाले, चांगले खेळाडूही मिळाले. पण पुढे २०२५पर्यंत त्यांना बाद फेरीची दुसरी पायरी काही ओलांडता आली नाही. धीर धरणं आणि नुसतं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी आजी आंब्याची अढी घालायची. आम्ही मुलं रोज चोरून अंगठ्यानं आंबे दाबून बघायचो आणि तिची बोलणी खायचो. दाबल्यानं आंबा लवकर पिकत नाही, उलट डागाळतो. पण आजी स्वतः काही हातावर हात ठेवून बसायची नाही. दोन-तीन दिवसांनी पेंढा बाजूला करायची, आंबे वर-खाली करायची, नासका निघाला तर उचलून टाकायची. धीर म्हणतात तो याला!

थंडरची ही राखण कशी चालली होती बघा. शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९-२०मध्ये सामन्यामागे सरासरी १९ गुण करत होता. पुढच्या वर्षी २३.७, मग २४.५, मग ३१.४. उडी मोठी दिसते, पण तिच्याआधीच्या पायऱ्याही बघा. क्लिपर्सकडून मिळालेल्या त्या हक्कांपैकी एकातून २०२२च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन हा उंचच उंच मुलगा निवडला गेला. त्याच्या येण्यानं सगळे खूश! पण ऑगस्ट २०२२मध्ये त्याच्या पायाला दुखापत झाली आणि पहिला अख्खा मोसम त्याला बाकावर बसून काढावा लागला. त्याला अर्धवट बरा झालेला असताना कुणी मैदानात ढकललं नाही. आणि लू डॉर्टला तर २०१९च्या ड्राफ्टमध्ये कुठल्याच संघानं निवडलं नव्हतं! थंडरनं त्याला घेतलं, सांभाळलं. समोरच्या संघातल्या सगळ्यात भारी खेळाडूला रोखायचं काम पुढे त्याच्याकडे आलं.

सामना जिंकल्यावर टीव्हीवाले एका खेळाडूची मुलाखत घेतात. थंडरची पोरं मात्र सगळीच्या सगळी मागे येऊन गर्दी करायची, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, दंगा करत. मोठ्या संघांत असं क्वचितच दिसतं. मला वाटतं, एकत्र हरलेली पोरं अशी एकत्र राहतात.

आता आकडे ऐका. २०२२-२३मध्ये ४० विजय. २०२३-२४मध्ये ५७ विजय, पश्चिम विभागात पहिला क्रमांक आणि डेग्नॉल्ट वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक. बाद फेरीत मात्र डॅलसनं त्यांना दुसऱ्या पायरीवर अडवलं. आणि २०२४-२५मध्ये ६८ विजय, फक्त १४ पराभव! शेची सरासरी ३२.७ गुणांची आणि तो मोसमातला सर्वोत्तम खेळाडू.

बाद फेरीत पहिलीच गाठ कुणाशी पडावी? मेम्फिसशी! पहिला सामना थंडरनं १३१-८० असा ५१ गुणांनी जिंकला. आणि अंतिम फेरीत समोर कोण? घरी येऊन ५७ गुणांनी हरवून गेलेले इंडियाना पेसर्स. त्यांनी पहिल्या सामन्यात शेवटचा एक सेकंदही उरला नसताना बास्केट करून १११-११० असा विजय हिसकावला. दोन वर्षांपूर्वी हीच पोरं गडबडली असती. आता गडबडली नाहीत. पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सनं ४० गुण केले. २२ जून २०२५ला सातवा सामना १०३-९१ असा जिंकून थंडर विजेते झाले. ओक्लाहोमा सिटीत आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं विजेतेपद. २०१९मध्ये घेतलेल्या कोयीला फळ यायला सहा वर्षं लागली.

पण दोस्तांनो, धीर धरला की फळ मिळतंच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. याच थंडर संघाचा एक जुना डावही आहे. २००८मध्ये हा संघ सिअॅटल सोडून ओक्लाहोमा सिटीत आला. पहिल्या ३२ सामन्यांत त्यांनी फक्त ३ जिंकले. केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन ही पोरं वाढत गेली आणि २०१२मध्ये अंतिम फेरीत पोचली. तेव्हा तिघांपैकी कुणीही चोविशीचं नव्हतं. मायामीकडून ती ४-१ अशी हरली. सगळे म्हणाले, वय लहान आहे, पुन्हा येतील. पण त्याच वर्षी हार्डन दुसऱ्या संघात गेला, २०१६मध्ये ड्युरंट गेला आणि थंडरसाठी ती फेरी पुन्हा आली ती थेट २०२५मध्ये, दुसऱ्याच पोरांबरोबर. विजेत्या संघातही सुरुवातीचे सगळे नव्हते. जॉश गिडी अठरा वर्षांचा असताना या हरणाऱ्या संघात आला, खूप शिकला, आणि २०२४मध्ये त्याला शिकागोला पाठवून त्याच्या जागी अनुभवी अॅलेक्स करूसो आणला गेला. वाईट वाटलं. पण अढी सांभाळणाऱ्याला असेही निर्णय घ्यावे लागतात.

मग धीर धरून नक्की मिळतं काय? मला विचाराल तर, बघायची नजर मिळते. वाढ होत असताना ती ओळखता येते. ती फक्त शेवटच्या दिवशी टाळ्या वाजवायला येणाऱ्याला दिसत नाही.

आई-बाबांनाही एक सांगायचंय. मुलगी पहिल्यांदा स्पर्धेत उतरली आणि दहा गुणांनी हरून आली, की "किती झाले?" हा प्रश्न आपल्या तोंडात तयारच असतो. त्याऐवजी "आज नवीन काय जमलं?" असं विचारून बघा. मात्र सरावाची वेळ झाली की उठवा, सोबत जा, चुकलं तर सांगा. लाड करणं म्हणजे काही धीर धरणं नव्हे.

आणि तुम्ही मुलांनो, तुमच्या शाळेच्या धाकट्या गटाचा संघ या वर्षी बहुधा हरत असेल. त्यांच्या पुढच्या सामन्याला एक वही घेऊन जा. दोन रकाने आखा. कुठले आखायचे, ते तुम्हीच ठरवा. पण पेन्सिलला टोक करून ठेवा. दुसरा रकाना एकदा भरायला लागला, की भराभर भरतो!