तीर, कमान आणि हिशोब

बुलढाण्याच्या नावाची एक व्युत्पत्ती जुने लोक सांगतात. इथे भिल्लांचे ठाणे होते, त्या भिलठाण्याचे पुढे बुलढाणा झाले. तीरकमठा हे ज्यांचे रोजचे साधन, त्यांच्या नावावरून गावाचे नाव पडले. आज याच गावातली मुले धनुष्य घेऊन जगभर फिरून येतात, हा योगायोग मला आवडतो. आणखी एक गोष्ट. मराठीत आपण या खेळाला तिरंदाजी म्हणतो. तीर फारसी, अंदाज फारसी. कमान फारसी, निशाणही फारसीच. भिल्लांचा खेळ, फारसी नाव आणि खेळणारी वऱ्हाडची पोरे! आमच्या मातीची घडण अशीच आहे.

२०२३ साली आमच्या गावाला एकदम जाग आली. त्या मे महिन्यात प्रथमेश जावकर या एकोणीस वर्षांच्या मुलाने शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवले. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. गुण होते १४९ विरुद्ध १४८. हा आकडा समजून घेतल्याशिवाय या खेळाची गंमत कळत नाही. कंपाऊंड प्रकारात पन्नास मीटरवरून पंधरा तीर मारायचे. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण. दहाचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटरचे, चहाच्या बशीहूनही लहान. १४९ म्हणजे पंधरापैकी चौदा तीर त्या वर्तुळात आणि एकच किंचित बाहेर. श्लोसरचे दोन गुण गेले आणि तो हरला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे, अभिषेक वर्मा आणि प्रथमेश यांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सांघिक सुवर्ण जिंकले. त्याआधी ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी एकाच दिवशी विश्वविजेते झाले होते. आमच्याकडे फटाके वाजले. चौकात फलक लागले.

माझ्या धाकट्या भावाच्या घरात मात्र त्या दिवसांत वेगळीच चर्चा चालू होती. त्याची मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेत बांबूच्या धनुष्यावर तिने सुरुवात केलेली. हात स्थिर, नजर चांगली. प्रशिक्षकांनी सांगितले, हिला कंपाऊंड द्या. ती माझ्याकडे आली. "बडे अब्बा, तुम्ही अब्बांशी बोला ना. मी बोलले की ते नुसते हसतात."

भाऊ का हसतो ते मला ठाऊक होते. कंपाऊंड धनुष्य म्हणजे काठी आणि दोरी नव्हे. त्याला दोन्ही टोकांना चाके असतात. साइट, भिंग लावलेला स्कोप, दांडीसारखे स्टॅबिलायझर, तीर सोडायला हातात धरायचा रिलीज, आणि मोजून-मापून कापलेले तीर. सगळे मिळून दोन-अडीच लाखांच्या घरात जाते. भावाचे वेल्डिंगचे दुकान. खिडक्यांच्या जाळ्या, शेताची फाटके, ट्रॉलीची दुरुस्ती. अडीच लाख म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे मुलीचे लग्न उभे राहते. अम्मीने तर विषयच संपवला होता. "पोरीच्या हातात तीरकमान देऊन काय लढाईवर पाठवणार?"

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. मला वाटले होते, पदकांच्या गोष्टी सांगितल्या की भाऊ पाघळेल. तो पाघळला नाही. तो एकदा मैदानावर आला आणि एका मोठ्या मुलाचे धनुष्य हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. चाके कशी फिरतात, सुरुवातीला जड वाटणारी ओढ पूर्ण खेचल्यावर एकदम हलकी कशी होते, हे त्याने समजून घेतले. स्क्रूचा अर्धा आटा फिरवला तर तीर कुठे जाईल, असे विचारले. घरी येताना म्हणाला, "भाईजान, हे खेळणे नाही. हे अवजार आहे. मी मशीन घेतली तेव्हाही कर्जच काढले होते."

मला जे तासभर बोलून सांगता आले नसते, ते त्याने एका वाक्यात सांगितले. एखादा खेळ व्यवसाय कधी होतो? टीव्हीवर दिसू लागला की? बक्षिसाचे आकडे वाढले की? मला वाटते, गरीब घरातला बाप त्याचे साहित्य हौस म्हणून नव्हे, तर अवजार म्हणून मोजू लागतो, तेव्हा. पण बापाने असे मोजावे यासाठी त्याला डोळ्यांसमोर काहीतरी दिसावे लागते. बुलढाण्यात ते दिसत होते. चंद्रकांत इलग यांच्यासारखे प्रशिक्षक इथेच राहून मुले घडवत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मोनाली जाधव पोलीस दलात नोकरी करत होत्या आणि २०१९ साली चीनमधल्या चेंगडूला झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळवले होते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हेही भावाला कुणीतरी सांगितले. आमच्या मोहल्ल्यात नोकरी हा शब्द पदकापेक्षा लवकर समजतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेवटी एका खेळाडूने वापरलेले धनुष्य मिळाले. निम्मे पैसे रोख, निम्मे हप्त्याने. दोरी नवी घातली. अम्मी काही दिवस बोलली नाही. मग एके दिवशी तिनेच नातीची ओढणी पिना लावून घट्ट बसवून दिली, कारण सैल कापड दोरीत अडकते आणि तीर भलतीकडे जातो. त्यावरून छातीवर चेस्ट गार्ड बांधून ती मैदानावर जाऊ लागली.

तिची मेहनत मी जवळून पाहिली. ओढ चाळीस पौंडांची, म्हणजे सुमारे अठरा किलो. दिवसाला दोनशे तीर. गुणाकार करा, साडेतीन टनांहून अधिक होते. एवढे वजन एक शाळकरी मुलगी रोज ओढते. त्यावर खुराक काय? वरण-भात, भाकरी, कधी अंडी. खांदा दुखला तर गावात खेळाडूंच्या दुखण्याचा जाणकार नाही. पहाटे वारा कमी म्हणून सराव, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव. यंदा ती बारावीला आहे. विभागापर्यंत पोहोचली, पुढच्या पायरीला थोड्या गुणांनी हुकली. त्या रात्री जेवली नाही. सकाळी पुन्हा मैदानावर.

या काळात खेळही बदलला. २०१९ साली जागतिक संघटनेने भारतीय तिरंदाजी संघटनेला निलंबित केले होते. बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपले खेळाडू देशाच्या झेंड्याविना खेळले. मोठ्यांची भांडणे आणि शिक्षा पोरांना. २०२० च्या जानेवारीत ते निलंबन उठले. तिथून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आर्चरी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, परदेशी तिरंदाज, दिव्यांचा झगमगाट. त्यात महाराष्ट्राच्या नावाचाही एक संघ, मायटी मराठाज. क्रिकेटसारखे तिरंदाजाचेही संघ असतात, हे भावाने मोबाइलवर पाहिले आणि वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "चला, आता बाजार लागला."

बाजार लागला की भाव ठरतो आणि भाव रोज बदलतो. २०२३ साली प्रथमेश जावकरने आशियाई सुवर्णाखेरीज मेक्सिकोतल्या वर्ल्ड कप फायनलमध्ये रौप्यही मिळवले. २०२५ साली ग्वांगजूला भारताच्या पुरुषांनी कंपाऊंडचे पहिले सांघिक विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा संघात होते ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे. आमचा प्रथमेश त्यात नव्हता. यात कुणावर अन्याय झाला असे मी म्हणत नाही. निवड चाचणीत एकेका गुणावर माणूस आत-बाहेर होतो. खेळ जितका व्यावसायिक, तितकी रांग लांब आणि जागा तीनच. गावाने फलक लावताना हे ध्यानात ठेवायला हवे. ज्याला आपण काल खांद्यावर घेतले, तो आज पुन्हा चाचणीच्या रांगेत उभा आहे. त्याच्या पाठीशी राहण्याची खरी वेळ हीच.

व्यवसाय म्हटला की उतरत्या काळाचाही विचार आला. वेल्डरचा हात थकला तरी दुकान राहते. तिरंदाजाचा खांदा गेला तर काय राहते? प्रशिक्षकाची पगारी जागा, खेळाडूचा विमा, तालुक्याच्या गावी वारा अडवणारी भिंत आणि सुरक्षित मैदान, या गोष्टी लीगच्या दिव्यांत दिसत नाहीत. पण व्यवसाय त्यांच्यावरच उभा राहतो.

एक बातमी मात्र मला फार मोलाची वाटते. कंपाऊंडला ऑलिम्पिकमध्ये कधीच जागा नव्हती. २०२५ च्या एप्रिलमध्ये निर्णय झाला की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा एक प्रकार असेल. तो प्रकार मिश्र दुहेरीचा. एक पुरुष, एक स्त्री. म्हणजे या खेळाला ऑलिम्पिकचे दार उघडले तेच मुळी अर्धे मुलीच्या हाताने. मुलांनाच मैदानावर पाठवणाऱ्या गावाला, मोहल्ल्याला आणि घराला त्या दारातून आत जाता यायचे नाही.

आमची मुलगी तिथवर पोहोचेल असे मी म्हणत नाही. तिची गुणांची वही मी पाहतो, मला आकडे कळतात. कदाचित ती पोलिसांत जाईल, कदाचित एखाद्या शाळेत मुलींना कमान धरायला शिकवील. धनुष्याचे हप्ते मागच्या वर्षी फिटले. भावाने ती वही मिटून ठेवली आणि त्याच आठवड्यात तिच्यासाठी नव्या तिरांची चौकशी केली. डझनाचा भाव ऐकून तो हसला नाही. त्याने फक्त विचारले, "किती दिवस टिकतात?"